विचारा की! या वेळी फक्त गॉगल

मागच्या अंकात उन्हाळ्यावर लिहिताना "दुपारी बाहेर पडलात तर गॉगल लावा" असं एक वाक्य सहज टाकलं होतं. उरलेला अख्खा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. कुणाला इतिहास पाहिजे, कुणाला फूटपाथवरचा गॉगल चालतो का ते पाहिजे, आणि एका काकांना तर घरातलं भांडण आमच्याकडून मिटवून पाहिजे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

प्रश्न: माझं आणि मुलाचं यावरून रोज वाजतं. मी म्हणतो गॉगल ही पिक्चरवाल्यांनी आणलेली थेरं आहेत, आमच्या वडिलांनी जन्मभर उन्हात राबून कधी लावला नाही. तो म्हणतो गॉगल डोळ्यांसाठीच असतो. खरं कोण? (सांगली)

काका, पिक्चरवाल्यांचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण ते फार नंतरचं. पहिला गॉगल निघाला तो उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात आणि तिथे भाव मारायला समोर कोणी नव्हतंच. इन्युइट आणि त्यांच्या आधीचे लोक वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा, कॅरिबू या तिकडच्या हरणाचं शिंग नाहीतर समुद्रातून वाहत आलेलं लाकूड घ्यायचे, ते चेहऱ्याच्या उठावाप्रमाणे आतून कोरायचे, नाकासाठी खाच, आणि डोळ्यांसमोर फक्त एक बारीक आडवी फट. मागे बांधायला कॅरिबूच्या स्नायूचा दोरा. बेरिंग समुद्राच्या भागात सापडलेले असे काही नमुने सुमारे 2000 वर्षं जुने आहेत. अजून एक बारकावा म्हणजे कित्येकांमधे आतली बाजू काजळीने काळी केलेली असते, म्हणजे फटीतून आत आलेला उजेड आतल्या पांढऱ्या सुळ्यावर आपटून परत डोळ्यात जायला नको. इतका विचार केलाय.

हे करायची गरज का पडली, तर ताजा बर्फ उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही, टोपी घालून काही उपयोग नाही. असं दिवसभर शिकारीला फिरलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा चक्क भाजतो, आणि गंमत अशी की तेव्हा काहीच कळत नाही, सहा-आठ तासांनी रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा लागतात, डोळा उघडता येत नाही. दोन दिवसांत बरं होतं बहुतेक वेळा, पण त्या प्रदेशात दोन दिवस आंधळं होऊन पडणं म्हणजे काय ते तुम्हीच विचार करा.

आता यात काळी काच कुठे आहे? नाहीच. काचच नाही! फटीमुळे आत येणारा उजेड कमी होतो, बाजूने आणि खालून येणारा बंद होतो, वर लांबचं जरा स्पष्ट दिसतं हा बोनस, आणि काच नसल्यामुळे श्वासाची वाफ धरत नाही. तर डोळा वाचवणं आणि समोरचं काळं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढं डोक्यात ठेवा कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच येणार आहे. मुलाला सांगा की तो बरोबर आहे, पण त्याच्या डोळ्यावर जो आहे तो गॉगल नक्की कशासाठी घेतलाय ते त्याला खरं खरं विचारा.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की रोमचा नीरो राजा पाचूचा गॉगल घालायचा आणि चीनमधे न्यायाधीश काळे चष्मे लावायचे. खरं आहे का? (नाशिक, निवृत्त शिक्षिका)

बाई, नीरोचं मूळ आहे, पण फॉरवर्डमधे त्याला फ्रेम बसवली. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात एवढंच लिहून ठेवलंय की नीरो ग्लॅडिएटरांच्या लढाया पाचूत बघायचा. पाचूत म्हणजे पाचूतून आरपार की गुळगुळीत पाचूत आरशासारखं प्रतिबिंब, यावर अभ्यासक अजून भांडतात. लॅटिनमधलं एक वाक्य आणि त्याच्यावर "जगातला पहिला गॉगल" म्हणून हजारो पोस्ट.

चीनमधे धुरकट स्फटिकाच्या भिंगांचे चष्मे होते हे नक्की. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या डोळ्यातलं काही वाचता येऊ नये म्हणून ते लावायचे असं सांगतात. तसं असेल तर ते डोळे झाकणं झालं, वाचवणं नाही. उलट शुद्ध स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ अतिनील किरण साध्या काचेपेक्षा जास्त आत सोडतो, लॅबमधे त्या किरणांचं काम असलं की मुद्दाम क्वार्ट्झचीच भांडी घेतात.

युरोपातली दोन नावं मात्र शिकवण्यासारखी आहेत. अठराव्या शतकात व्हेनिसमधे हिरव्या काचांचे चष्मे निघाले, गोल्डोनी या नाटककाराच्या नावाने ते ओळखले जातात, कालव्याच्या पाण्यावरून येणारी तिरीप टाळायला बोटीत बसताना लावायचे. आणि 1752 च्या सुमाराला लंडनमधे जेम्स आयस्कॉ नावाचा चष्मेवाला सांगायला लागला की पांढऱ्या काचेचा उजेड डोळ्याला टोचतो, निळी किंवा हिरवी काच वापरा. पण तो नंबरच्या चष्म्याबद्दल बोलत होता. उन्हाबद्दल नाही.

प्रश्न: आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पोरं साधा काळा गॉगल लावून वेल्डिंग करतात, मी ओरडते तर म्हणतात "ताई, दिसतंय की व्यवस्थित". मालक म्हणून मी काय सांगू? (इचलकरंजी)

ताई, ओरडताय ते बरोबर आणि अजून जोरात ओरडा. वर काकांना जे बर्फातलं दुखणं सांगितलं ना, तेच तुमच्या पोरांना होतं, एक अक्षर वेगळं नाही. वेल्डिंगच्या ठिणगीतून तसलेच अतिनील किरण निघतात, संध्याकाळी घरी गेल्यावर डोळे चुरचुरतात, मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवतं, कोणी दुधाचे थेंब टाकतं. दूध बिलकुल टाकू नका, भाजलेल्या डोळ्यात वरून जंतू जायचे. आर्क वेल्डिंगला 10 नंबरच्या आसपासची किंवा त्याहून गडद खास काच असलेला हेल्मेटच लागतो. उन्हाचा कितीही काळा गॉगल घेतला तरी तो त्या काचेच्या जवळपास पण पोचत नाही आणि "दिसतंय की" हीच तर तक्रार आहे, आर्क पेटल्यावर इतकं दिसायलाच नको.

तुमच्या प्रश्नाला इतिहासात पण जागा आहे बरं का. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काच कारागिरांना लवकर मोतीबिंदू होतो असं इंग्लंडमधे लक्षात आलं होतं, त्यावर रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने कमिटी नेमली आणि काम आलं विल्यम क्रुक्स यांच्याकडे. हे तेच, 1861 मधे थॅलियम हा धातू शोधणारे शास्त्रज्ञ. ऐंशी वर्षांचा म्हातारा माणूस, पण काचेत वेगवेगळे धातू मिसळून शेकडो मिश्रणं करून बघितली, कुठली काच उष्णता अडवते, कुठली अतिनील किरण अडवते, सगळं मोजलं आणि 1913 मधे निकाल मांडला. सिरियम नावाचा धातू घातलेली काच अतिनील किरण खाते आणि तरी जवळजवळ स्वच्छ दिसते. जवळजवळ स्वच्छ! म्हणजे किरण अडवायला काच काळीकुट्ट लागत नाही हे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने मोजून दाखवलं आणि आपण अजून दुकानात जाऊन "जरा अजून डार्क दाखवा" म्हणतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो पोलराइज्ड घ्या, हजार रुपये जास्त पडतील. हे नक्की असतं काय आणि खरंच पोलराइज्ड आहे ते ओळखायचं कसं? (पुणे)

पत्रांमधला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून ऊन परावर्तित झालं की त्या उजेडाची कंपनं बहुतांशी आडवी होतात. पोलराइज्ड गॉगलमधे एक फिल्म असते, ती आडवी कंपनं अडवते आणि उभी सोडते, खिडकीच्या उभ्या गजांतून काठी आडवी धरली तर आत जात नाही तसं समजा. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची चमक एकदम जाते, तलावात वरचं आभाळ दिसायचं बंद होऊन खालचा तळ दिसायला लागतो.

आता ही फिल्म आली कुठून बघा. 1852 मधे ब्रिस्टलला विल्यम हेरापाथ नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या एका शिष्याने क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडिन टाकलं (का टाकलं ते विचारू नका, त्या काळचे डॉक्टर काहीही करायचे) तर चमकदार हिरवे स्फटिक तयार झाले. हेरापाथनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर दोन स्फटिक जिथे एकमेकांवर पडले होते तिथे कुठे काळं दिसतंय कुठे पांढरं. म्हणजे हे स्फटिक प्रकाश गाळतात. पण ते इतके नाजूक की मोठा स्फटिक काही केल्या वाढवता येईना, आणि गोष्ट तिथेच थांबली, जवळजवळ पाऊणशे वर्षं.

मग आला एडविन लँड. हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कला गेलेला पोरगा, रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करायचा. त्याने डोकं असं चालवलं की मोठा स्फटिक होत नाही ना, मग होऊच नये, कोट्यवधी बारीक स्फटिक करू, ते घट्ट द्रवात घालू आणि सगळ्यांना एका दिशेला तोंड करून उभं करू. 1929 मधे पेटंटचा अर्ज केला. त्याला खरं तर गॉगल करायचेच नव्हते! समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी रात्री डोळे दिपतात, ते थांबवायचं होतं, सगळ्या गाड्यांच्या दिव्यांना आणि काचांना ही फिल्म लावायची. मोटार कंपन्या काही ऐकेनात. पैसे तर पाहिजेत. तेव्हा अमेरिकन ऑप्टिकल या चष्म्याच्या कंपनीच्या लोकांना त्याने बोस्टनच्या एका हॉटेलात बोलावलं, खिडकीत ऊन येईल अशी माशांची काचेची बरणी ठेवली. मंडळी आत आली, लँड म्हणाला चमकेबद्दल माफ करा, मासे दिसत नसतील. नव्हतेच दिसत. मग प्रत्येकाच्या हातात एकेक फिल्मचा तुकडा दिला आणि डोळ्यासमोर धरायला सांगितलं. मासे दिसले, सौदा झाला. 1936 च्या सुमाराला पोलराइज्ड गॉगल बाजारात आले आणि 1937 मधे लँडने कंपनीला पोलरॉइड नाव दिलं, पुढे झटपट फोटोच्या कॅमेऱ्याने गाजलेली तीच कंपनी. नंतर स्फटिकांऐवजी ताणलेलं प्लास्टिक आणि आयोडिन अशी सोपी फिल्म निघाली, आजही तत्त्व तेच.

ओळखायचं असं. मोबाइलचा किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन चालू ठेवा, गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवा. कुठल्यातरी एका कोनात स्क्रीन काळा पडला किंवा रंग विचित्र झाले तर पोलराइज्ड, काहीच फरक पडला नाही तर एकदा दुसऱ्या स्क्रीनवर बघा (काही फोनवर हा खेळ चालत नाही), आणि तिथेही तसंच तर हजार रुपये खिशात ठेवा. हायवेवर गाडी चालवत असाल, समुद्रावर किंवा होडीत काम असेल तर घ्याच. पण पोलराइज्ड म्हणजे आपोआप यूव्ही अडवणारा असं नाही, ते वेगळं बघावं लागतं. आणि विमानाच्या पायलटला पोलराइज्ड घालू नका सांगतात कारण समोरचे डिजिटल डायल आणि काचा त्यातून नीट दिसत नाहीत.

प्रश्न: रेबॅनमधे एवढं काय आहे? पायलटसाठी बनवला म्हणतात ते खरं की जाहिरात? (मुंबई, आणि अशीच आणखी बरीच पत्रं)

खरंही आणि जाहिरातही. बलून आणि विमानं जशी उंच जायला लागली तसं वैमानिकांचे डोळे वरच्या उजेडाने दुखायला लागले. जॉन मॅक्रेडी हे अमेरिकन लष्करी वैमानिक, 1921 मधे उघड्या कॉकपिटच्या विमानातून उंचीचा विक्रम करणारे, त्यांनी रोचेस्टरच्या बॉश अँड लाँब कंपनीबरोबर बसून हिरवट काचेवर काम केलं असं सांगतात. 1937 मधे तो गॉगल रेबॅन नावाने बाजारात आला. काचेचा थेंबासारखा खाली उतरणारा आकार उगाच नाही, पायलट सारखा मान खाली न घालता फक्त नजर खाली करून डायल बघतो, तेव्हा पण काच आड आली पाहिजे. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जनरल मॅकार्थर फिलिपिन्सच्या लेटे बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत येतानाचा फोटो जगभर छापला, 1944 चा, डोळ्यावर काळा गॉगल. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

पण सामान्य माणसाच्या नाकावर गॉगल बसवला तो रेबॅनने नाही हं, ते श्रेय सॅम फॉस्टरचं. मॅसॅच्युसेट्समधलं लेमिन्स्टर हे गाव कंगव्यांचं, तिथे घरोघर सेल्युलॉइडचे कंगवे आणि केसांच्या पिना व्हायच्या. 1920 च्या दशकात बायकांनी केस कापून बॉब केला आणि कंगवेवाल्यांचा धंदा बसला. फॉस्टरने तेच प्लास्टिक वळवून गॉगलच्या फ्रेमा काढल्या आणि 1929 मधे अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनारी वूलवर्थच्या दुकानात विकायला ठेवल्या, स्वस्तात. पहिली स्वस्त फॅशन अशी एका फॅशनने मारलेल्या धंद्यातून निघाली. 1938 मधे लाइफ मासिकाने लिहिलं की आदल्या वर्षी अमेरिकेत 2 कोटी गॉगल खपले आणि घालणाऱ्यांपैकी जेमतेम 25 टक्के लोकांनाच डोळ्यांसाठी त्याची गरज होती. सांगलीचे काका, ही आकडेवारी तुमच्यासाठी!

आणि नट-नट्या? त्यांचं सुरुवातीचं कारण तर चक्क वैद्यकीय होतं असं सांगतात. मूकपटांच्या काळात स्टुडिओत कार्बन आर्कचे दिवे असायचे, त्यातून अतिनील किरण इतके निघायचे की दिवसभराच्या शूटिंगनंतर डोळे लाल होऊन सुजायचे. त्या दिव्यांच्या कंपनीवरून त्या दुखण्याला क्लीग आय म्हणायचे. इचलकरंजीच्या ताईंच्या पोरांना होतं तेच हे. लाल डोळे झाकायला नटांनी काळे चष्मे लावले, लोकांनी बघितलं आणि समजले हीच ऐट.

1952 मधे रेबॅनने वेफेअरर काढला, जाड प्लास्टिकची फ्रेम, डिझायनर रेमंड स्टेगमन. साठच्या दशकात धुमाकूळ, नंतर उतरती कळा, 1981 मधे अख्ख्या वर्षात 18,000 नग विकले गेले. बंद करायची पाळी आली होती. मग 1982 मधे कंपनीने पिक्चर आणि सिरियलमधे गॉगल दाखवायचा करार केला, आणि 1983 मधे टॉम क्रूझने एका पिक्चरमधे तो घातला. त्या वर्षी विक्री 3 लाख 60 हजार. 1999 मधे बॉश अँड लाँबने हा धंदा 64 कोटी डॉलरला इटलीच्या लक्सॉटिकाला विकला. आपल्याकडे राजस्थानातल्या भिवाडीच्या कारखान्यात पण हे गॉगल बनलेत, त्यामुळे "इंडियन आहे म्हणजे डुप्लिकेट" असं कोणी म्हणालं तर लगेच घाबरू नका.

एवढं काय आहे विचारलंत तर काच चांगली आहे, घडणावळ चांगली आहे आणि उरलेले पैसे मॅकार्थरचे आणि टॉम क्रूझचे.

प्रश्न: मग फॅशन स्ट्रीटवरचा दोनशे-तीनशेचा गॉगल घातला तर डोळे खराब होतात का? डॉक्टर म्हणतात न घातलेला बरा. (ठाणे, कोल्हापूर, अमरावती)

डॉक्टर का म्हणतात ते आधी समजून घ्या. काळ्या काचेआड अंधार झाला की बाहुली मोठी होते. काच जर फक्त रंगवलेली असेल आणि अतिनील किरण आत सोडत असेल तर उघड्या डोळ्यापेक्षा मोठ्या झालेल्या बाहुलीतून जास्त किरण आत, शिवाय डोळे किलकिले करायची आपली सवय पण जाते. तर्क पक्का आहे. पण प्रत्यक्षात बऱ्याच स्वस्त गॉगलचं प्लास्टिकच, विशेषतः पॉलिकार्बोनेटचं असेल तर, हे किरण बऱ्यापैकी अडवतं. म्हणजे स्वस्त म्हणून वाईट असं नाही आणि महाग म्हणून चांगला असंही नाही. अडचण वेगळी आहे, "यूव्ही 400" (म्हणजे सगळे अतिनील किरण अडवतो) असा स्टिकर कोणीही छापून लावू शकतं, आणि रस्त्यावर तर तो गॉगलपेक्षा चकाचक असतो.

त्यामुळे तपासा. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत छोटं मीटर असतं, मिनिटभराचं काम, ओळखीचा असेल तर पैसे पण घेत नाही. ते नाही जमलं तर कच्ची परीक्षा घरच्या घरी. नोटा तपासायचा तो निळसर दिवा किराणा दुकानदाराकडे असतो ना, त्याच्याखाली नोट धरली की नंबर आणि बारीक धागे चमकतात. आता दिवा आणि नोट यांच्यामधे गॉगलची काच धरा आणि बाजूने नोटेकडे बघा, काचेतून नाही, बाजूने. चमक गेली तर काच काहीतरी अडवतेय, तशीच राहिली तर तो गॉगल पोरांना खेळायला द्या. ही पक्की टेस्ट नाही पण साफ रद्दी माल इथे उघडा पडतो.

मग हात लांब करून त्यातून दाराच्या चौकटीकडे बघा आणि गॉगल हळू डावी-उजवीकडे हलवा. चौकट वाकडी-तिकडी हलायला लागली तर काच नीट ओतलेली नाही, डोकं दुखणार. ब्रँडेड गॉगलच्या काडीवर आत 0 ते 4 असा कॅटेगरीचा आकडा असतो, तो उजेड किती आत येतो ते सांगतो. आपल्या उन्हाला 3 बस झाला, त्यातून 8 ते 18 टक्के उजेड येतो. 4 नंबरचा बर्फावर आणि उंच डोंगरावर चालवायचा, तो घालून गाडी चालवू नका, 3 ते 8 टक्केच उजेड येतो त्यातून. सगळ्यात आधी ज्यांनी गॉगलला सरकारी मापदंड लावले ते ऑस्ट्रेलियावाले, 1971 मधे. तिकडचं ऊन आठवलं की कारण विचारायची गरज नाही.

प्रश्न: डोळे आल्यावर गॉगल घातला तर दुसऱ्याला लागण होत नाही ना? (आळंदी)

होते. 2023 च्या जुलैमधे तुमच्याकडे आणि पुण्यात डोळे आले होते तेव्हा प्रत्येक जण गॉगल लावून फिरत होता, तरी साथ पसरायची ती पसरलीच. नजरेला नजर भिडली म्हणून डोळे येत नाहीत हो, ते हात, टॉवेल, उशीची खोळ यातून येतात. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि सारखा हात डोळ्याकडे जात नाही, एवढा फायदा नक्की. हात धुवा.

प्रश्न: उन्हात आपोआप काळा होणारा नंबरचा चष्मा घेतला, गाडीत मात्र तो काळा होतच नाही आणि यंदा मे महिन्यात बाहेर पण नीट होत नाही. फसवलं का मला? (नागपूर)

नाही फसवलं. ही काच पहिल्यांदा 1964 मधे कॉर्निंग कंपनीने आणली, स्टुकी आणि आर्मिस्टेड या दोघांचं काम. काचेत चांदीच्या क्षारांचे कण असतात, फोटोच्या रोलमधे असायचे तसले, अतिनील किरण पडले की ते काळे होतात, सावलीत आले की परत स्वच्छ. आताच्या प्लास्टिकच्या काचेत रसायन वेगळं असतं पण वागणूक तीच. गाडीची समोरची काच दोन काचांमधे प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, ती अतिनील किरण जवळजवळ सगळे बाहेरच ठेवते, मग चष्म्याला कळणार कसं की ऊन आहे? आणि नागपूरचा मे! काळं होणं किरणांमुळे होतं पण परत स्वच्छ होणं उष्णतेने वेगात होतं, त्यामुळे 45 डिग्रीत तो पुरता काळा होण्याआधीच उजळायला लागतो. हाच चष्मा घेऊन मनालीला जा, कोळसा होतो. पण काळा कमी झाला म्हणून घाबरू नका, चांगल्या कंपनीची काच असेल तर ती अतिनील किरण स्वच्छ असतानाही अडवते.

प्रश्न: शेतावर असतो, वय 46. दोन्ही डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी गॉगल लावायला सांगितलं पण लावून बांधावर गेलो की पोरं शिट्ट्या मारतात, "आलं हिरो" म्हणून. दुसरा काही उपाय? (लातूर जिल्हा)

दादा, मारू द्या शिट्ट्या. तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमकं सांगितलंय. हे मांस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पडदा वाढत वाढत काळ्या बुबुळाकडे सरकतो, ऊन, धूळ आणि वारा यात जन्म गेलेल्या शेतकरी-मच्छीमारांना जास्त होतं. नाकाच्याच बाजूला का, याचं उत्तर कोरोनिओ या ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शोधलंय. कानशिलाच्या बाजूने तिरपं येणारं ऊन डोळ्याच्या गोल पडद्यातून वाकून नेमकं नाकाकडच्या कडेवर एकवटतं, तिथे त्याचा जोर कितीतरी पट होतो. म्हणजे तुम्ही समोर सूर्याकडे बघताय की नाही याच्याशी संबंध नाही, बाजूने येणारं ऊन हा खरा चोर.

म्हणून तुम्हाला स्टाइलचा चपटा गॉगल उपयोगाचा नाही. कानापर्यंत वळलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा घ्या, मोटारसायकलवाले किंवा क्रिकेटवाले घालतात तसा. रंग फिक्का असला तरी चालेल, राखाडी किंवा तपकिरी, किरण अडवतो का ते वर सांगितलंय तसं तपासून. अगदी पांढऱ्या काचेचा सेफ्टी गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पॉलिकार्बोनेटचा असेल तर तो पण चालतो, धूळ पण अडते आणि त्याला कोणी हिरो म्हणत नाही. गांधी टोपीला कड नसते, त्यामुळे डोळ्यावर सावली पडत नाही, चारी बाजूंनी कड असलेली टोपी घाला नाहीतर उपरणं कपाळावरून पुढे ओढून बांधा. सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीन-चारला ऊन तिरपं असतं, तेव्हाही गॉगल काढू नका.

मांस बाहुलीपर्यंत आलं किंवा चष्म्याचा नंबर बदलायला लागला तर ऑपरेशन करतात, त्यात तुमच्याच डोळ्याचा वरच्या बाजूचा छोटा पापुद्रा काढून तिथे बसवतात म्हणजे परत वाढायची शक्यता कमी होते. नुसतं खरवडून काढलं तर पुष्कळांना परत येतं, तेव्हा "पापुद्रा बसवणार का" हे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या. दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, आणि लाली कमी करायचे म्हणून मेडिकलवाला जे थेंब देतो ते डॉक्टरला विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने टाकू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं.